टॉकओव्हर लावला की गाणं वर-खाली डुलतंय, आणि मास्टर-बूथ-रेक यातलं काय कुठं जोडायचं?

पेठेतला_डीजे

रामराम मंडळी. शिवाजी पेठेत मंडळाच्या स्टेजला सिस्टीम लावायची आहे. गल्ली चिंचोळी, दोन्ही अंगाला घरं. स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक टॉप (वरचा स्पीकर) आणि एकेक बेस (खालच्या सुरांचा स्पीकर), मधे निवेदक उभा राहणार. डीजे मिक्सर चार चॅनलचा आहे, माईकला ऑफ, ऑन आणि टॉकओव्हर (माईकवर बोललं की गाणं आपोआप दबतं) असा तीन घरांचा स्विच. मेनूत टॉकओव्हरची पातळी -६, -१२, -१८, -२४ डेसिबल अशी निवडता येते, शिवाय नॉर्मल आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन मोड आहेत.

तीन गोष्टी जमत नाहीयेत. एक, स्विच टॉकओव्हरवर ठेवला की कोणी बोलत नसतानाही गाणं खाली बसतं, सेकंदाभरात वर येतं, परत बसतं. दोन, निवेदकानं माईक जरा छातीशी धरला की तो बोलत असूनही गाणं खाली जातच नाही. तीन, आरतीला ट्रॅक लावून पोरं माईकवर म्हणायला लागली की ट्रॅकच गायब होतो.

मिक्सरच्या मागच्या बाजूला आउटपुटची भोकं आहेत: मास्टर १ ला एक्सएलआर, मास्टर २ ला आरसीए, बूथला (डीजेच्या स्वतःच्या मॉनिटरला) जॅक आणि रेकला (रेकॉर्डिंगला) आरसीए. शूटिंगवाला बूथमधून लाईन मागतोय. द्यावी का? आणि मास्टरचा पॉट (आवाजाचं फिरवायचं बटण) नेमका कुठवर ठेवायचा, हेही सांगा.

---

तिकटीचा_साउंडवाला

भावा, पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. टॉकओव्हरला माणूस बोलतोय की स्पीकर वाजतोय हे कळत नाही. माईकवर ठरावीक पातळीच्या वर काहीही आलं की तो गाणं दाबतो, पातळी खाली गेली की सोडतो. म्हणून मेनूत शिरण्याआधी निवेदकाचा आवाज आणि स्पीकरचा आवाज माईकपाशी किती किती पोचतो ते बघायचं.

हिशेब करून दाखवतो. साध्या आवाजात बोलणाऱ्या माणसाची पातळी एक मीटरवर साधारण ६० ते ६५ डेसिबल भरते. माईक तोंडापासून ५ सेंमीवर असेल तर त्यात २६ ची भर पडते, म्हणजे माईकपाशी ८६ ते ९१. निवेदक जोर लावणार, धरू ९५ ते १००. आता तुझे टॉप निवेदकाच्या दोन्ही कानांच्या रेषेत आहेत, त्यामुळे गाणंही त्याच्या माईकपाशी सहज ९५ भरणार. दोघांची पातळी एकच, मग मिक्सरनं ओळखायचं कशावरून?

डुलण्याचं कारणही यातच आहे. गाणं ९५ नं माईकमध्ये शिरलं, टॉकओव्हर लागला, -१८ असेल तर गाणं ७७ वर आलं. ७७ ला माईकपाशी काहीच धरण्याजोगं उरत नाही, म्हणून टॉकओव्हर सुटला. गाणं परत ९५, परत लागला. पातळी -२४ केलीस तर झोका आणखी मोठा होईल. हे बंद करायला पातळीत फेरफार करून उपयोग नाही, गळती, म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरणं, तोडायला लागते.

क्रम असा ठेव. टॉप निवेदकाच्या पुढं घे. दीड-दोन मीटर पुढं आणि जरा बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेस तरी माईकपाशी मोठा फरक पडतो. गल्लीत जागा नसेल तर निवेदकालाच स्टेजवर मागं सरकव. मग माईकचा लो कट (खालचे घुमणारे सूर कापणारा फिल्टर) चालू कर. मिक्सरच्या मेनूत तो नसेल तर माईकचा लो पॉट घड्याळातल्या ९ च्या काट्यापर्यंत खाली घे. गल्लीत बेस भिंतीवर आपटून परत येतो आणि टॉकओव्हर सगळ्यात आधी त्यालाच फसतो.

आता चाचणी. माईक चालू, स्विच टॉकओव्हरवर, निवेदक गप्प, आणि गाणं कार्यक्रमात वाजेल तेवढ्याच आवाजात. मास्टरच्या मीटरवर नजर ठेव. मीटर आपोआप खाली येत असेल तर माईकचा गेन (माईकचा आवाज किती उचलायचा तो पॉट) थोडा थोडा कमी कर, मीटर स्थिर होईपर्यंत. बहुतेक मिक्सरमध्ये टॉकओव्हर माईकच्या गेननंतरची पातळी बघतो, त्यामुळं गेन हाच त्याचा खरा उंबरठा. मीटर स्थिर झालं की निवेदकाला बोलायला लाव. टॉकओव्हर लागला तर काम झालं. लागत नसेल तर गेन परत चढवू नकोस, माईक तोंडाजवळ न्यायला सांग.

दुसरी तक्रार तिथंच मिटते. माईक ५ सेंमीवरून १० वर गेला की ६ डेसिबल गेले. २० वर गेला की १२ गेले. छातीशी, म्हणजे ३० सेंमीवर, साडेपंधरा गेले. एवढा फरक कुठलाच मिक्सर भरून काढत नाही. निवेदकाला एवढंच सांग की हनुवटीला टेकेल असा माईक धर, आणि जाळी मुठीत पकडू नकोस. जाळीचा मागचा भाग मुठीत झाकला की कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माईक चारी बाजूंनी ऐकायला लागतो. मग गळतीही वाढते आणि शिट्टीही मारतो.

आरतीचं सोपं आहे. आरतीला टॉकओव्हर वापरायचाच नाही, स्विच ऑनवर घ्यायचा. आरतीत आवाज थांबतच नाही, त्यामुळं मिक्सर ट्रॅक सतत दाबून धरतो. त्यात माईकजवळ टाळ-झांजा असतात. झांजेचा एक ठोका तोंडच्या आवाजापेक्षा वरचढ असतो, प्रत्येक ठोक्याला ट्रॅक खाली बसतो. ट्रॅकचा फेडर (वर-खाली सरकवायची पट्टी) हातानंच थोडा खाली ठेव आणि पोरांना म्हणू दे.

---

गुळाचा_खडा

वरच्याला पूर्ण सहमत. पातळी आणि मोड याबद्दल माझं थोडं.

-६ म्हणजे गाण्याचं व्होल्टेज निम्मं, -१२ म्हणजे चौथाई, -१८ म्हणजे आठवा हिस्सा, -२४ म्हणजे सोळावा. कानाला मात्र साधारण १० डेसिबल उतरले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून -६ ला ‘काहीतरी झालं’ एवढंच जाणवतं, शब्द स्वच्छ येत नाहीत. नाचणाऱ्यांना मधेच एक ओळ ओरडून सांगायची असेल तर -१२ बरोबर. देणगीदारांची नावं, बक्षिसं, सूचना, जिथं शब्दन्‌शब्द पोचला पाहिजे तिथं -१८. -२४ मध्ये गाणं बंदच पडल्यासारखं वाटतं, आणि निवेदक दोन वाक्यांमध्ये थांबला की ते अंगावर परत येतं. त्यापेक्षा फेडर खाली घेतलेला बरा.

अ‍ॅडव्हान्स्ड मोड गाण्याचा फक्त मधला भाग दाबतो, जिथं बोलण्याचे शब्द असतात. खालचा बेस आणि वरची झिलई तशीच राहते. उघड्या मैदानात हे छान, ठेका तुटत नाही, नाचणारे थांबत नाहीत. तुझ्या गल्लीत मी नॉर्मल लावायला सांगेन. दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळं बेस घुमत राहतो आणि घुमणारा बेस निवेदकाचे शब्द खातो, नुसता मधला भाग दाबून भागत नाही.

अजून एक. शब्द कळत नाहीत म्हणून माईक वर चढवत नेऊ नका. माईक १० डेसिबल वर म्हणजे अ‍ॅम्पकडून दहापट वॉट मागणं. त्याऐवजी गाणं १२ नं खाली गेलं तर शब्द तेवढेच स्वच्छ येतात, आणि गल्लीतला एकूण आवाज वाढण्याऐवजी उतरतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. सणासुदीला सरकारनं सूट जाहीर केली तरी ती मध्यरात्रीपर्यंतच, आणि वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. गल्लीत आजारी माणसं, तान्ही पोरं असतात. टॉकओव्हर नीट लावलेली सिस्टीम कमी आवाजात जास्त सांगते.

---

रंकाळाकाठ

आउटपुटचं मी सांगतो.

चारही आउटपुटवर गाणं तेच असतं, पण प्रत्येकाचा ताबा वेगळ्या पॉटकडं. मास्टर १ आणि मास्टर २ दोन्ही मास्टरच्या पॉटवर चालतात. बूथला स्वतःचा पॉट. रेक साधारणपणे मास्टरच्या पॉटच्या आधीच काढलेला असतो, त्यामुळं तू मास्टर वर-खाली केलास तरी रेकॉर्डिंगची पातळी हलत नाही. शूटिंगवाल्याला म्हणूनच रेक द्यायचा, बूथ नाही. बूथ दिलास तर मॉनिटर तुझ्या कानाला जड वाटला म्हणून पॉट कमी करशील आणि तिकडं त्याचं रेकॉर्डिंग उतरेल.

मास्टर १ थेट क्रॉसओव्हरला, म्हणजे टॉप आणि बेसला आपापले सूर वाटून देणाऱ्या डीएसपीला. एक्सएलआर ते एक्सएलआर, पिन १ ग्राउंड, २ हॉट, ३ कोल्ड. बॅलन्स्ड लाईन असल्यानं ३०-५० मीटर ओढली तरी आवाज स्वच्छ राहतो. आरसीएची लाईन ४-५ मीटरच्या पुढं नेऊ नकोस, जनरेटर आणि लायटिंगच्या डिमरची घरघर ती ओढून घेते. मास्टर २ मोकळा ठेव, मास्टर १ ची लाईन गेली तर तोच राखीव.

पातळीत गडबड होते ती इथं. व्यावसायिक लाईन लेव्हल +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणांची -१० डीबीव्ही, म्हणजे ०.३२ व्होल्ट. दोन्हींत जवळजवळ १२ डेसिबलचं अंतर. आणि कॅमेऱ्याचं माईक इनपुट तर काही मिलिव्होल्टच मागतं. रेकची लाईन कॅमेऱ्याच्या माईक भोकात सरळ घातली की आवाज फाटणार, आणि तो फाटलेला आवाज नंतर कशानंही सुधारत नाही. मोठ्या कॅमेऱ्यावर लाईन-माईक असा स्विच असतो, तो लाईनवर घ्यायला सांग. लहान कॅमेऱ्याला ३.५ मिमीचं भोक एकटंच असेल तर मधे ४० डेसिबलचा पॅड (पातळी उतरवणारा जोड) लागतो. मोबाईलवरून लाईव्ह करणार असतील तर लाईन इनपुट असलेला यूएसबी इंटरफेस आणायला सांग, हेडसेटच्या भोकात लाईन घालू नये.

काही मिक्सरवर रेकमध्ये माईक येतो, काहींवर येत नाही. आधीच तपास. रेकला हेडफोनचं अ‍ॅम्प किंवा रेकॉर्डर लाव, गाणं बंद कर, माईकवर बोल. आवाज आला तर ठीक. आला नाही तर शूटिंगवाल्याला मास्टर २ दे आणि सांगून ठेव की मास्टरचा पॉट हलला तर तुझीही पातळी हलणार. आणि एक चॅनल कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकवर ठेवायला सांग. नुसत्या लाईनमध्ये टाळ्या, घोषणा, हलगी यातलं काहीच येत नाही, रेकॉर्डिंग मुकं वाटतं.

मास्टरचा पॉट: सगळ्यात जोरकस गाणं लाव. त्या चॅनलचा ट्रिम (आत येणाऱ्या पातळीचा पॉट) असा ठेव की चॅनल मीटर ० च्या आसपास खेळेल, ठोक्याला +३ पर्यंत जाईल. फेडर पूर्ण वर. मग मास्टरचा पॉट फिरवून मास्टर मीटरही ० वर आण. तिथंच सोड. स्पीकरचा आवाज जास्त वाटला तर अ‍ॅम्प किंवा डीएसपीवर कमी कर. उलटं केलंस, म्हणजे अ‍ॅम्प पूर्ण उघडे आणि मास्टर ८ च्या काट्यावर, तर शांततेत सूं-सूं ऐकू येईल आणि पॉट केसाएवढा हलला तरी आवाज उडी मारेल.

मास्टर मीटरवर लाल दिव्याआधी ६ डेसिबल मोकळे ठेवायचे, कारण निवेदकाचा आवाज गाण्याच्या वर बसतो. बोलणं संपतं आणि गाणं परत येतं त्या क्षणी दोन्ही एकत्र होतात आणि तिथंच क्लिप होतं, म्हणजे आवाज फाटतो. क्लिप झालेल्या सिग्नलमध्ये वरचे हार्मोनिक्स वाढतात आणि टॉपचा एचएफ (उंच सुरांचा) ड्रायव्हर जळतो. मिक्सरच्या पीक लिमिटरवर विसंबू नकोस, स्पीकर वाचवायचं काम डीएसपीच्या लिमिटरचं.

गल्लीत मोनो लाव. डाव्या टॉपपाशी उभ्या असलेल्याला उजव्या बाजूचं वाद्य ऐकूच येत नाही. मिक्सरवर मोनो स्विच असेल तर तो वापर. डावं-उजवं आउटपुट वाय लीडनं एकत्र जोडायचं नाही, दोन आउटपुट एकमेकांवर ढकलाढकली करतात. वायनं एका आउटपुटचे दोन करता येतात, दोघांचं एक नाही.

---

पेठेतला_डीजे

लई बारकाईनं सांगितलंत, आभार. टॉप पुढं घेता येतील, निवेदकाला मीटरभर मागं सरकवतो. दोन शंका. शूटिंगवाल्याच्या लॅपटॉपला चार्जर लावला की लाईनवर हम येतो. चार्जर काढला की जातो. आणि शेवटच्या दिवशी ऑर्केस्ट्रा आहे, त्यांचे सगळे माईक त्यांच्याच डिजिटल मिक्सरवर असणार, निवेदकाचाही. माझ्या मिक्सरवर माईकच नसेल तर टॉकओव्हर लागणार कसा?

---

रंकाळाकाठ

हम ग्राउंड लूपचा आहे. तुझा मिक्सर एका अर्थिंगवर, त्याचा चार्जर दुसऱ्या, आणि आरसीएच्या शिल्डमधून दोघं जोडले गेले. मधे १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाल, लाईन लेव्हलचा. हम लगेच तुटतो. चार्जरची किंवा कुठल्याही उपकरणाची अर्थची पिन काढायची नाही, टेपही गुंडाळायचा नाही. पावसातलं स्टेज, लोखंडी सांगाडा, जनरेटरची लाईन. अर्थ काढलेल्या उपकरणाला जोडलेला माईक हातात असलेल्या माणसाला शॉक बसू शकतो. शक्य असेल तर त्याचं चार्जर तुझ्याच बोर्डावर घे, निम्मा त्रास तिथंच संपतो.

---

तिकटीचा_साउंडवाला

ऑर्केस्ट्राच्या दिवशी तुझ्या मिक्सरचा टॉकओव्हर विसर. त्यांच्या मिक्सरमधून निवेदकाची लाईन काढून तुझ्या माईक इनपुटला आणायची कल्पना सुचेल, पण ते करू नकोस. लाईन लेव्हल माईक इनपुटला घातली की फाटते. आणि पॅड घालून पातळी जमवली तरी निवेदकाचा आवाज दोनदा बाहेर पडतो, एकदा त्यांच्या मिक्सरमधून आणि एकदा तुझ्या. दोन्हींत काही मिलिसेकंदांचा फरक असतो, त्यामुळं आवाज पिंपात बोलल्यासारखा पोकळ येतो.

बरोबर रस्ता उलटा आहे. तुझा मास्टर १ त्यांच्या मिक्सरच्या दोन चॅनलांना दे आणि गाणं दाबायचं काम तिथंच करून घे. डिजिटल मिक्सरवर गेटच्या पानावर बहुतेक वेळा डकर, म्हणजे टॉकओव्हरसारखंच दाबणारा प्रकार, मिळतो. तो तुझ्या दोन्ही चॅनलांवर लावायचा, दोन्ही लिंक करून, आणि की सोर्समध्ये (कोणाच्या आवाजावर दाबायचं ते) निवेदकाचा चॅनल निवडायचा. रेंज (किती दाबायचं) -१५ च्या आसपास, अ‍ॅटॅक (दबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, होल्ड (दाबून धरायचा वेळ) ५०० मिलिसेकंद, रिलीज (परत वर यायचा वेळ) १ सेकंद, इथून सुरुवात कर. थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा, वर सांगितलेल्याच पद्धतीनं ठरव, आधी निवेदक गप्प, मग बोलता. की फिल्टर असेल तर १५० हर्ट्‌झच्या खालचं काप, म्हणजे ड्रमच्या किकनं तो लागणार नाही.

निवेदक शेरोशायरी करणारा असेल तर होल्ड १ सेकंदापर्यंत वाढव. मिसरा म्हणून तो थांबतो, दाद घेतो, आणि त्या थांबण्यात गाणं वर उसळलं तर पुढची ओळ पडते. डकर नसेल तर साइडचेन असलेला (दुसऱ्या चॅनलच्या आवाजावर दाबणारा) कॉम्प्रेसरही तेच काम करतो, रेशो ४:१ आणि थ्रेशोल्ड खोल.

त्यांच्या साउंड इंजिनिअरला आधीच फोन करून दोन मोकळी चॅनल मागून ठेव. आयत्या वेळी स्टेजबॉक्स भरलेला असतो.

---

गुळाचा_खडा

एक राहिलं. बूथच्या मॉनिटरमध्ये माईक जाऊ देऊ नकोस. बऱ्याच मिक्सरच्या मेनूत माईक बूथला पाठवायचा की नाही हे निवडता येतं, ते बंद कर. मॉनिटर तुझ्या बाजूला, तू माईकच्या जवळ, आणि निवेदक बोलला की त्याचा आवाज मॉनिटरमधून परत माईकमध्ये शिरतो. निवेदकाला स्वतःचा मॉनिटर हवाच असेल तर माईकचा प्रकार बघून ठेव. कार्डिऑइडला मॉनिटर बरोबर मागं, म्हणजे माईकच्या शेपटीच्या दिशेला. सुपरकार्डिऑइडला मात्र बरोबर मागं चालत नाही, तो मागून थोडं ऐकतो. त्याला शेपटीच्या रेषेपासून ५०-५५ अंश बाजूला.

आणि चालू करताना मिक्सर आधी, मग डीएसपी, अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प आधी. लाईट गेली तर जनरेटर चालू व्हायच्या आत अ‍ॅम्पचे स्विच खाली करायला एक माणूस तिथंच उभा ठेव, मिक्सर परत चालू होताना येणारा ठोका टॉपला परवडत नाही.

---

पेठेतला_डीजे

बूथचा माईक मेनूत चालूच होता, बंद केला. गप्प निवेदकाची चाचणी लो कट लावून केली. गेन ११ च्या काट्यावर मीटर स्थिर राहतोय आणि ५ सेंमीवरून बोललं की -१८ लगेच लागतंय. ट्रान्सफॉर्मर आणि ४० चा पॅड मागवतोय, ऑर्केस्ट्रावाल्यांकडं दोन चॅनल मागितले आहेत.